गाडीत कुणीतरी बसायचं

मंडईच्या पार्किंगात सुवार्ता आत्या उतरत नाही.
"तू जा. कोथिंबीर बघून घे, मुळं बघ. मी बसते."
काच अर्धी खाली, पर्स मांडीवर,
टपावर मे महिना तापतोय,
आणि ती पुढच्या सीटवर ताठ,
येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.
टोइंगवाल्याचा पोरगा हुक घेऊन येतो, वाकून बघतो,
"ओ, माणूस आहे आत," ओरडतो,
आणि पुढच्या गाडीला लागतो.

लहानपणी मला वाटायचं, चोरांची भीती.
मग वाटायचं, गुडघे.

ससूनमध्ये शिकून ती बहात्तर साली गेली
आयर्लंडच्या वरच्या अंगाला,
पावसाळी, लोकरीच्या वासाच्या एका गावात.
वॉर्डातल्या म्हाताऱ्यानं पहिल्याच रात्री विचारलं,
"पोरी, तू कुणातली? आमच्यातली की त्यांच्यातली?"
ती म्हणाली, गुरुवार पेठेतली.
तिला खरंच कळलं नव्हतं.
आम्ही पंचहौदचे, ते नाना पेठेतल्या चर्चचे,
वैर म्हणावं तर एवढंच, की नाताळात
एकमेकांच्या करंज्यांना नावं ठेवायची
आणि संपवायच्या.

त्या गावात नियम होता:
बाजारात गाडी रिकामी सोडायची नाही.
कुणीतरी आत बसायचं. आजारी चालेल, मूल चालेल.
माणूस दिसला की शिपाई पुढे सरकायचे,
आपल्या माणसासकट गाडी कोण उडवेल?

गुरुवार होता, बाजाराचा.
आधी फोन आला होता. बोलणाऱ्यानं रस्ता चुकीचा सांगितला
की ऐकणाऱ्यानं चुकीचा ऐकला,
यावर चौकशी बसली, उठली,
वीस वर्षांनी पुन्हा बसली.
पोलिसांनी लोकांना हलवलं,
ज्या रस्त्यावरून हलवायला हवं होतं
नेमकं त्याच रस्त्याकडे.
तिथे एक शेवाळी गाडी उभी होती.
गाडीत एक बाई बसली होती. सगळ्यांनी पाहिली.
डोक्याला रुमाल, मांडीवर पर्स.
मग ती उतरली,
पाव आणायला जावं तशी चालत गेली.

नऊ.
आत्या आकडा सांगते, त्यापुढे पाणी मागते.

एवढं मात्र सांगते, की अपघात विभागाच्या दारात
एक फादर होते, एक पास्टर होते,
दोघांचे बूट सारखेच भिजलेले,
दोघांचा प्रश्न एक: आमचे कोण?
तिच्या हातात यादी होती.
ती म्हणाली, अजून नावं लागली नाहीत.
लागली होती.

रात्रभर ती चिमट्यानं काचा काढत राहिली.
स्टीलच्या ट्रेमध्ये टिण्, टिण्.
घरी आजही तांदूळ निवडताना खडा ताटात टाकत नाही,
बोटात धरून ठेवते.

डेक्लन नावाचा मुलगा वाचला. सात वर्षांचा होता,
आता आजोबा आहे. दर नाताळाला लिहितो:
सिस्टर, यंदा खांद्यातून आणखी एक निघाली.
एकदा कापसात गुंडाळून पाठवली, साबुदाण्याएवढी.
ती आत्याच्या बटणांच्या डबीत आहे.
शर्टाचं बटण तुटलं की मी डबी उघडतो
आणि बोट घालताना जरा थांबतो.

त्या बाईचं पुढे काय झालं, मी एकदा विचारलं.
"असेल की कुठेतरी," आत्या म्हणाली,
"माझ्याच वयाची असेल.
तिचेही गुडघे दुखत असतील."

परवा लोणच्याच्या कैऱ्या घ्यायच्या होत्या.
मी दार उघडलं, तर ती म्हणाली,
"कैऱ्या तुला कळत नाहीत. आज तू बस."
आणि उतरली.
पिशवी घेऊन गर्दीत निघाली, पाठमोरी,
डोक्यावर उन्हासाठी पदर.
चार पावलांवर थांबली.
पार मागे वळली, लोक धक्के देत होते तरी,
आणि हात वर करून उभी राहिली,
मी हात करेपर्यंत.

काचेवर टकटक झालं.
"कुणी आहे का आत?"
"आहे," मी म्हणालो. "आहे."