डावीकडचं ब्लेड

द्वारका चौकातून आत, बॅटरीवाल्याला लागून
हुसेनीभाईंचं दुकान. काउंटरवर तीन ब्लेडं मांडून म्हणाले,
बघा ताई, हे आपलं पत्र्याच्या सांगाड्याचं,
रबर झिजलं की रबर तेवढं बदला.
हे बिनसांगाड्याचं, काचेच्या वळणावर अंग टेकून चालतं.
आणि हे सिलिकॉनचं. महाग आहे,
पण दोन पावसाळे तुम्ही माझं तोंड बघणार नाही.

तिन्हींच्या धारेवरून बोट फिरवलं, जसं काही मला कळतं.
मला ठाऊक होता फक्त कसाऱ्याच्या घाटात
ट्रकनं उडवलेला चिखल,
आणि तो फासत जाणाऱ्या माझ्या ब्लेडची कुरकुर.

बावीस इंची द्या एक.
"आणि डावीकडचं? अठराचं?"
राहू दे. गाडी काय तिकडून चालवायची असते?
हुसेनीभाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
"तिकडे कुणी बसत नाही का?"

बसतात.
वडील बसतात. नोटांच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
करकरीत ताव उजेडाला धरून
शाईचा ओघळ, तुटलेली रेघ हेरायचे,
आणि म्हणायचे एकच शब्द: बाद.

गेल्या साली श्रावणात म्हणाले, समोर रेघ दिसते गं,
कमानीसारखी.
मोतीबिंदू काढले. आधी उजवा, महिन्यानं डावा.
तपासणीहून परतताना गंगापूर रोडला पाऊस लागला.
आता कसं दिसतंय? मी विचारलं.
बराच वेळ समोर बघत राहिले.
"छान," म्हणाले. "अगदी छान."
तेव्हापासून रस्त्यावरच्या पाट्या वाचून दाखवणं बंद.

मी काउंटरला धरून उभी.
तीन वर्षं माझ्यापुरती काच पुसत होते.

"ताई? कुठलं देऊ?"
अठराचं सिलिकॉनचं.
"आणि बावीसचं?"
ते पत्र्याचं चालेल.
त्यांनी उलटसुलट ऐकल्यासारखं केलं,
पण पावसात बाहेर येऊन स्वतः बसवून दिलं.
खट्. दुसरं, खट्.

परवा मुंबई नाक्याला सिग्नलवर थांबलो होतो.
माझ्याकडचं कुरकुरतंय अजून.
डावीकडे काच कोरी. वडील पुढे वाकले,
सीटबेल्ट ताणला जाईपर्यंत.

"ती तुपाची पाटी बघ," म्हणाले.
"शुद्धमधला शु दीर्घ काढलाय गाढवानं."

मागून हॉर्न. सिग्नल कधीच सुटला होता.

"बाद," म्हणाले वडील,
आणि पुढची पाटी शोधू लागले.