वाटणी

तळघरात आमची खोली, तिला खिडकी नाही.
भूकंपात भिंतीला गेलेली चीर
आम्ही कॅलेंडरने झाकली आहे.
मी नेरमिन. सव्वीस वर्षं
मेणात बसवलेली माणसं कापते,
मिलिमीटरचे अडीचशे काप.
पापुद्रा कोमट पाण्यावर सोडायचा,
ब्रशने सुरकुती काढायची, काचेवर उचलायचा.
मग रंग: एका झाडाच्या गाभ्यातला जांभळा,
त्यावर गुलाबी.

आज सकाळी आलेला तुकडा शेवईएवढा.
चिठ्ठीवर नाव मेनेक्शे, वय बावन्न.
पण यकृत झुल्कुफचं, धाकट्या भावाचं.
नऊ दिवसांपूर्वी ते त्याच्या बरगडीखाली होतं.

दोघं मला माहीत आहेत. मलात्याच्या खालच्या अंगाला
आमची गावं लागून.
बाप गेल्यावर त्यांनी जर्दाळूची बाग वाटली,
दोर धरून, चुना टाकून.
एक झाड नेमकं रेषेवर आलं
तर बुंध्याच्या दोन बाजूंना
दोघांनी आपापल्या शिड्या लावल्या.
पुढची अकरा वर्षं
ना लग्नात, ना मयतीत.

मग तिचं यकृत आटत आटत दगड झालं.
रक्तातली घाण डोक्यात चढायला लागली,
शब्द जागा सोडायला लागले.
चमच्याला ती चावी म्हणाली.
दारातल्या मांजराला
झुल्कुफ म्हणून हाक मारली.
हे त्याच्या कानावर कुणी घातलं कुणास ठाऊक.
तो आला. एवढंच विचारलं, किती लागेल?
साठ टक्के, डॉक्टर म्हणाले.
बागेत त्याने वीतभर सोडली नव्हती.

काळजाचा तुकडा म्हणतो आपण लेकराला.
हा तसला नव्हे. हा आठशे ग्रॅम,
बर्फावर, स्टीलच्या वाटीत,
एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर.

भिंगाला डोळा लावते.
यकृताची पेशी एरवी निमूट बाई:
साखर साठव, पित्त गाळ,
रक्त गोठायला लागणारा माल तयार ठेव.
डोळ्यातल्या, हाडातल्या पेशीकडे जी पोथी
तीच अख्खी हिच्याकडे,
पण ही आपल्या कामाची पानं उघडते,
बाकीची मिटलेली.
मेंदूतल्या बहुतेक जणी
कामात इतक्या बुडाल्या की दुभंगायचं विसरल्या.
हिच्या लक्षात आहे.
जागा रिकामी झाल्याची बातमी रक्तातून आली की
ही हातातलं काम जरा बाजूला सारते.

ही बघा, डाव्या कडेला एक.
गाभ्याचं आवरण विरघळलेलं,
गुणसूत्रं मधोमध रांगेत,
दोन्ही टोकांनी दोर ताणलेले.
दोर पाहून मला बागच आठवली.
पण नाही.
दोर ताणायच्या आधी
हिने सगळं दुप्पट केलं होतं,
तासन्‌तास खपून, अक्षर न्‌ अक्षर उतरवून,
दोन्हीकडे अख्खं जाईल एवढं.
आमच्याकडे नेमकं हेच राहून गेलं.
आहे तेवढंच आम्ही कापलं.

दुपारी चौथ्या मजल्यावर गेले.
झुल्कुफ पोटाला लावलेली बाटली हातात धरून
भिंतीच्या आधाराने फेऱ्या घालत होता.
भरून येईल ना? म्हणाला.
म्हटलं, वजन भरेल, दोन-तीन महिन्यांत बरंचसं.
आकार नाही येत. गेलेला भाग उगवत नाही,
उरलेलाच वाढतो, जमेल तसा, जागा मिळेल तिकडे.
तो ऐकत होता की नाही कळलं नाही.
मग म्हणाला, जुलै अर्धा गेला,
रेषेवरच्या झाडाला शिडी लागली नाही,
फळ खाली पडतंय, माशा बसतायत.

पलीकडच्या खोलीत
मेनेक्शेने आज चमच्याला चमचा म्हटलं.
नर्सने वहीत लिहून ठेवलं.
भावाला अजून नावाने हाक नाही.
मांजराला मात्र
घरात सगळे आता तेच म्हणतात.