रंगीत तालीम

अकराला भोंगा झाला.
पोरं हसत जिना उतरली,
कुणाच्या हातात चहा, कुणाच्या पायात एकच चप्पल.
खैरनार मॅडमनी मैदानात डोकी मोजली:
तीनशे अकरा.
हवीत तीनशे बारा.

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला तर काय करायचं
ते फलकावर आहेच:
टॉर्च, दोर, जनरेटरचं डिझेल, होडीवाल्याचा नंबर.
खाली गायधनी शिपायांच्या अक्षरात, खडूनं:
‘दुतोंड्याच्या कमरेला पाणी, की तळमजला रिकामा.’

लातूरचा एक विचारतो,
दुतोंड्या म्हणजे? उंची किती त्याची?
‘मारुतीये तो, गोदाघाटावरचा.
त्याची उंची कोण मोजतंय?
तोच आमचं पाणी मोजतो.’

तीनशे बारावी तळघरात सापडली.
मंजुळा भोये, वनस्पतीशास्त्र, दुसरं वर्ष.
पेठच्या रानातली वाळवलेली पानं,
कागदाला टाचलेली,
छातीशी धरून वर नेत होती. तिसरी खेप.

‘भोंगा ऐकू नाही आला?’
‘आला ना मॅडम.
म्हणून तर.’

मॅडमनी वहीत लिहिलं: एक गैरहजर.
नियम तो नियम.
मग वही काखेत मारली
आणि उरलेल्यातले दोन गठ्ठे उचलले.