रागावता येईल इतक्या अंतरावर

तुर्भ्याच्या शीतगोदामाला लागून आमचं ऑफिस:
दोन टेबलं, एक प्रिंटर, छेडाशेठचा देव्हारा
आणि भिंतीवर युरोपचा नकाशा,
कुठल्याशा कुरिअर कंपनीने फुकट दिलेला.
त्यात ब्रिटन अजून निळ्यातच आहे.

पूर्वी द्राक्षांचा कंटेनर रॉटरडॅमला उतरला
की पुढे लंडन काय, लील काय,
ओटीवरून माजघरात गेल्यासारखं.
आता मी कागदांचे दोन संच काढते.
एक आकडा चुकला
तर कॅलेच्या रांगेत ट्रक रात्रभर उभा
आणि इथे माझा फोन उशाशी गरम.

लेस्टरचे मेघजीभाई मात्र तेव्हा खूश होते.
निकालाच्या सकाळी त्यांनी शेठकडे पेढे मागितले.
ज्याचा बाप एका पेटीनिशी युगांडातून हाकलला गेला
तो माणूस दार लावून घ्यायच्या बाजूने!
शेठ म्हणाले, कमाल आहे.
मला नाही वाटली.
मी चौदा गावांतली आहे.

शीळफाट्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला,
आमची चौदा गावं एकदा नवी मुंबईतून बाहेर पडली.
मी नववीत होते. रस्ता अडवलेला.
आणि गोमाकाका, ज्याने कधी बैलावरही आवाज चढवला नाही,
टेम्पोवर उभा राहून ओरडत होता:
"ज्याचा नळ आमचे दारान नाय, त्याला घरपट्टी कनाला?"
आत घेताना आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.
बाहेर पडताना निदान ओरडलो तरी.

नंतरची काही वर्षं, खरं सांगते, बरी गेली.
सरपंच म्हणजे हिराजीचा मेहुणा.
गटार तुंबलं की काका संध्याकाळी त्याच्या पडवीत बसायचा,
चहा प्यायचा,
आणि चहा संपल्यावर शिव्या द्यायचा.
तेवढं मिळालं:
रागावता येईल इतक्या अंतरावर सरकार.
बेलापूरची ती उंच इमारत काय, ब्रसेल्स काय,
तिथे कुणाच्या पडवीत बसणार?

पण मेहुण्याकडे पाइपलाइन नव्हती.
भाताच्या खाचरांत भंगाराची गोदामं उठली.
कुणाच्या परवानगीने, हे विचारायला
खिडकीच सापडेना.
टँकर मंगळवारी. मंगळवारी नाही तर शुक्रवारी.
सरपंच म्हणायचा, काका, शिव्या दे पोटभर,
पाणी तेवढं मागू नको.

मग अर्ज: आम्हाला पुन्हा आत घ्या.
काकाने सही केली माझ्याच पेनाने,
गुडघ्यावर वही ठेवून, जराशी तिरकी.
"लाज नाय वाटत?" आत्याने विचारलं.
"वाटतं ना. पन हंडा लाजेनी भरत नाय."

काल जेवताना त्याला ती दूरची गोष्ट सांगितली.
ते पण बाहेर पडले, काका. बावन्न विरुद्ध अठ्ठेचाळीस.
त्याने बोंबलाचा काटा ताटाच्या कडेला लावला.
"त्यांचे नळाला पानी हाय?"
आहे की. चोवीस तास.
"मंग कनाला रागावले?"

मला चटकन सांगता येईना.
म्हटलं, तिकडच्या कोळ्यांना आपला समुद्र परत हवा होता.
काका जेवायचा थांबला.
"ते मना समजतं," म्हणाला.
खाडीच्या बाजूला त्याने एकदा उगाच पाहिलं,
जिथे आता मालाच्या गाड्या वळतात.
"गावला का मंग, समुद्र?"

थोडा गावला. पण पलीकडे मासळी विकायची
तर आता कागद लागतात. एक शिक्का राहिला
की शिंपल्या गाडीतच वास मारतात.

"कागद कोन भरतं?"
असेल माझ्यासारखीच कुणी.
"म्हंजे तुझे नोकरीला मरन नाय,"
आणि आपल्या ताटातला मोठा तुकडा
त्याने माझ्या भातावर ठेवला.

बाहेर टँकरने हॉर्न दिला.
आत घेतलंय आम्हाला, कागदावर.
आई हंडे घेऊन उठली.
शुक्रवार होता.