ज्यूरर क्रमांक सात

टूसॉनहून दोन तासांवर एक गाव आहे, त्याचं नाव अहो.
स्पेलिंग भलतंच, पण उच्चार अगदी तोच,
आई बाबांना मागून हाक मारायची तो.
त्या गावाबाहेर, वाळवंटात,
बर्निस कॉलीने पाण्याचे कॅन ठेवले.

वय एकाहत्तर. शाळेची बस चालवायची.
सरकारी वकील म्हणाले, संरक्षित भूमीवर कचरा टाकला.
बाई म्हणाल्या, टाकला नाही, ठेवला.
प्रत्येक कॅनवर माझं नाव आहे, फोन आहे.
कचऱ्यावर कोण आपला पत्ता लिहितं?

कायदा ठाऊक होता?
होता. म्हणून तर नाव लिहिलं.

हे मी वहीत उतरवून घेतलं.
वही कोर्टाची, घरी न्यायची नाही.

पुरावा म्हणून एक कॅन टेबलावर होता,
उन्हानं पिवळा पडलेला, चाकूनं फाडलेला.
कोणी फाडला, हा प्रश्न या खटल्यात नव्हता.
मग एक फोटो: कॅनपासून चारशे पावलांवर एक बूट.
हरकत घेतली गेली. फोटो मागे गेला.
बुटाची नाडी नीट बांधलेली होती.

बंद खोलीत आम्ही बारा.
फोरमन वेंडेल, छपरं शाकारणारा, भला माणूस,
म्हणाला, कायदा वाकडा असेल, पण ओळंबा आपल्या हातात नाही.
आज पाणी ठेवणारीला सोडलं,
उद्या विष ठेवणाराही म्हणेल, माझ्या मनाला पटलं.
खोटं नव्हतं ते.
मला लगेच उत्तर सुचलं नाही.

आठवले ते पणजोबा, ज्यांना मी पाहिलेलंही नाही.
महाडला तळ्यात ओंजळ बुडवून आले
आणि कपाळावरची खोक
जन्मभर पटक्याखाली न झाकता फिरले.
पाणी कुणाचं, हे तेव्हाही कुणीतरी आधीच ठरवलं होतं.
हे इथे कसं सांगायचं?
ओंजळीला यांच्याकडे धड शब्द नाही.

मी एवढंच म्हणालो,
विष ठेवणारा नाव लिहीत नाही.
वेंडेल गप्प बसला. पटलं म्हणून नव्हे बहुधा.

टेबलावर कोर्टाचा जग होता, बर्फ वितळत आलेला.
दुपारभर बाराही जण त्यातूनच पीत होतो.
कुणी कुणाला काही विचारलं नाही.

चिठ्ठ्या वाटल्या.
मी माझं मत लिहिलं
आणि, नियमात नसताना,
खाली सही केली, आडनावासकट.