अदमासे तीन परस

'विहिरीस पाणी अदमासे तीन परस. चैत्र मास.'
मोडीची एवढीच ओळ,
शेवटचा अर्धा शब्द कसरीनं खाल्लेला.
मला पुरे होतं.
चैत्रातही पाणी होतं हे कळलं,
माझं काम झालं.

शर्वरी भोकरेचं झालं नाही.
ती भूजलवाली. टेबलावर हेल्मेट, बुटांना मुरूम.
"परस म्हणजे किती मीटर?"
हात वर करून उभा राहिलेला माणूस, मी म्हटलं.
"कोणता माणूस?"

तीस वर्षं दफ्तरात बसले,
हे मला कुणी विचारलं नव्हतं.
राग आला, ते आधीच सांगून टाकते.

इम्तियाज तांबोळी संख्याशास्त्राचा.
प्रत्येक आकड्याच्या डोक्यावर नि पायाखाली
एक बारीक उभी काडी काढायचा,
म्हणायचा, खरं उत्तर या काडीत कुठंतरी आहे.
म्हटलं, अहो, आमचे कारकून यालाच अदमासे म्हणत.
तो थांबला. वहीत लिहून घेतलं.
पुढच्या तक्त्यात काडीशेजारी तोच शब्द.
त्या दिवशीचा चहा त्याचा.

रोज असं नसायचं.
तीन महिने आम्ही 'नमुना' म्हणत होतो,
तिचा नमुना बाटलीतलं पाणी,
त्याचा, हजारांतून उचललेले काही,
माझा, कचेरीतला छापील कागद.
तो म्हणाला, चाळीस नमुने लागतील,
आणि सोमवारी पाषाणहून ती
रिक्षातून चाळीस बाटल्या घेऊन आली.
हसलो. पण ते पाणी कुणीतरी
उन्हात हिंडून भरलं होतं.

अनुदानाच्या अर्जात चौकोन होता :
विषय (एकच निवडा).
इतिहासवाल्यांनी कळवलं, हे विज्ञान, तिकडे पाठवा.
तिकडच्यांनी कळवलं, रोचक आहे, पण इतिहास.
शर्वरीच्या बढतीत हे वर्ष धरलंच नाही.
तिनं चार दिवस फोन उचलला नाही.
खरं म्हणजे मी केलाच नव्हता.

मग कसब्यातला तो बोळ.
स्कूटरी हलवल्या, खाली फरशी,
फरशीखाली ती विहीर, कागदातली.
भीमराव विटकरांना बोलावलं होतं, दोर धरायला.
सत्तरीचे. हयात विहिरी उपसण्यात गेलेली.
ते कुणाला न विचारता उतरले,
भिंतीवरून हात फिरवत म्हणाले,
"पाणी दगडात नसतंय, बाई.
दोन दगडांच्या सांध्यात असतंय. ही बघा, तांबडी."
दोन लाव्हांमधला तो लाल थर :
शर्वरीनं त्यावर चाळीस पानं लिहिलेली.
ती कठड्यावर ओणवी होऊन
नुसती "हो" म्हणाली.

परस विचारला, तर ते पायरीवर उभे राहिले
आणि दोन्ही हात वर केले.
टेप लावली. सहा फूट आठ इंच.
आम्ही साडेसात धरून चाललो होतो.
"मोजायला लावणारा वर उभा असतोय," ते म्हणाले,
"परस उतरणाऱ्याचा."
इम्तियाजनं तिथंच, स्कूटरच्या सीटवर वही ठेवून,
काडी खाली सरकवली.
ती आखूडही झाली, अगदी थोडी.

म्हणजे तीन परस, वीस फूट.
आज चैत्रात चार फूट निघालं.
सोळा फूट कुठं गेले यावर आमचं एकमत नाही.
ती म्हणते बोअर, मी म्हणते बुजवलेले ओढे,
तो म्हणतो, एका विहिरीवरून बोलू नका.
विटकर म्हणतात, आधी गाळ काढा, मग भांडा.

लेख पाठवायच्या रात्री
नावांच्या क्रमावरून पुन्हा वाजलं.
शेवटी मोडीच्या वर्णक्रमानं लावली,
तो तिघांत मलाच येतो,
तेव्हा यात थोडी लबाडी आहे.
चौथ्या नावापुढे 'संस्था' हा रकाना.
फोन लावला. विटकर जेवत होते.
"लिवा विहीर," म्हणाले, आणि पलीकडे
कुणालातरी भाकरी वाढायला सांगितली.

अजून उत्तर आलेलं नाही.
बाटल्या माझ्याच कपाटात आहेत,
दप्तरांच्या खालच्या फळीवर, चाळीस.
एक गळते बहुतेक.