बर्डी

रात्री दीडला तपासणी लाल झाली.
डिस्क धड, फाइली जागच्या जागी,
एक बाइट इकडचा तिकडे नाही;
फक्त टूलची नवी आवृत्ती
फाइलच्या नावाला
अवतरणचिन्हं लावू लागली आहे.

परसोडीच्या ऑफिसात एसी दहालाच बंद,
खिडकीतला कूलर घरघरतो.
खोब्रागडे म्हणतो, "जुनंच टूल राहू दे ना बाप्पा,
काऊन डोकं खातं?"

मला सकाळचा ऑटोवाला आठवतो.
पाटीवर सीताबर्डी, त्याच्या तोंडी नुसतं बर्डी,
उतरले मात्र मी बरोबर तिथंच.

शब्दाला शब्द जुळवणारी ओळ खोडली.
आता एवढंच विचारते:
फाइल आहे? किती बाइटची? वाचता येते?

हिरवं.
खोब्रागडे टेबलावरच झोपलाय.
एखादी स्पेस कुठेतरी जास्तीची असेलच अजून,
पुढच्या मे महिन्यात बघू.